मुक्यांच्या पार्टीत

सुरुवातीलाच माफी मागतो. मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. तेवढ्या जोरावर एका मोठ्या माणसाविषयी लिहायला बसावं, इतकी माझी योग्यता नाही, हे मला कळतं. त्यात अडचण अशी की तो माणूस पावरीत, म्हणजे आमच्या डोंगरातल्या बोलीत, बोलला आणि मी ते मराठीत लिहितो आहे. आपल्या माणसाचं बोलणं आपल्यातल्याच शिकलेल्या पोराने दुसऱ्या भाषेत फिरवून देऊ नये, एवढं सांगण्यासाठी त्याने चळवळ उभी केली होती. त्यामुळे हा लेखच त्याच्या दृष्टीने गुन्हा ठरेल. तरी लिहितो, कारण त्याच्याविषयी जे छापून आलं ते एक तर चेष्टेचं होतं, नाही तर पोलिसांनी दिलेल्या बातमीवरून उतरवलेलं. नावं मी कुणाचीच देणार नाही. तेवढा धीर मला नाही.

त्याला सगळे दादा म्हणायचे. मी त्याच्याविषयी अरे-तुरेत लिहिणार आहे, पण ते उद्धटपणाने नाही. आमच्या बोलीत आजोबाला तू म्हणतात, देवाला तू म्हणतात आणि तहसीलदारालाही तूच म्हणतात. आश्रमशाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी "सर, तू जेवला का?" असं प्रेमाने विचारलं होतं आणि कान पिळून घेतला होता.

दादा आधी जीप चालवायचा. तळोद्याहून घाट चढून आमच्या गावापर्यंत आणि परत. जीपमधले निम्मे लोक काही ना काही कामाला निघालेले असत. कुणाला दवाखाना, कुणाला पोलीस ठाणं, कुणाला बँक. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांना मराठी येत नाही, बायकांना तर नाहीच. त्यामुळे स्टँडला जीप लावली की दादा त्यांच्याबरोबर आत जायचा आणि त्यांच्या वतीने बोलायचा. पंधरा वर्षं त्याने हे केलं. डॉक्टर त्याला लांबून हाक मारत, फौजदार त्याला खुर्ची देत. गावात लोक म्हणत, याच्या जिभेला दोन टोकं आहेत, एक आपल्याकडे, एक सरकारकडे.

मग एका उन्हाळ्यात त्याने ते एकदम थांबवलं. जीप चालवत राहिला, पण आत जायचा नाही. लोक विनवण्या करायचे आणि तो स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचा. काहींना वाटलं त्याला बाहेरचं काही लागलं आहे. भगताला दाखवण्याचीही बोलणी झाली. पण सहा महिन्यांनी त्याने आमच्या गावाबाहेरच्या मोहाच्या मोठ्या झाडाखाली माणसं जमवली आणि आपला विचार सांगितला.

विचार साधा होता. कचेरीत जायचं आणि आपल्या बोलीत बोलायचं. समोरच्याला कळलं नाही तर पुन्हा सांगायचं. तरी नाही कळलं तर तिथेच बसून राहायचं. भांडायचं नाही, हात उचलायचा नाही. सरकारने बोली जाणणारा माणूस खुर्चीत बसवेपर्यंत असंच करायचं. आणि शिकलेल्या पोरांनी शपथ घ्यायची की आपण कुणाचं तोंड होणार नाही.

"तोंड उसनं देऊ नका," तो म्हणायचा. "आपण देतो म्हणून त्यांना शिकायची गरज पडत नाही."

तळोद्यात त्यांना मुक्यांची पार्टी असं नाव पडलं. वीस-पंचवीस माणसं कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली असत, विचारलं की पावरीत उत्तर देत, आणि उत्तर कुणाला कळत नसे. स्टँडवरचा चहावाला मला बघून हमखास विचारायचा, "काय भो, आज तुम्हना मुका ई ऱ्हायनात का?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणायचा, "चा मांगाले तर बराबर बोलतस!" ते खरंही होतं. चहा सगळे अहिराणीत मागायचे. दादाचं म्हणणं, चहावाला आपला बरोबरीचा आहे, त्याच्याशी जमेल ते बोला. कागद ज्याच्या हातात आहे त्याच्याशी मात्र आपलंच.

बाजारात एक राजस्थानी शेठ आहेत. त्यांचे आजोबा इकडे आले. शेठ पावरी इतकी छान बोलतात की डोळे मिटले तर आमच्याच पाड्यावरचा माणूस वाटावा. दादा एकदा आठवडे बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानासमोर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "बघा रे, याला आपली चारोळी आणि मोहाची फुलं घ्यायची असतात, म्हणून हा आपली बोली शिकला. साहेबाला आपल्याकडून काहीच नको, म्हणून तो शिकत नाही."

शेठ गल्ल्यावरून पावरीत ओरडले, "मग मलाच कलेक्टर कर ना! सकाळी कचेरी, दुपारी दुकान!"

सगळा बाजार हसला. दादाही हसला. पण तो घरी जाईपर्यंत तेच बोलत होता की शेठ चेष्टेत खरं बोलून गेला.

सगळं असं हसण्यासारखं नव्हतं. दादा एकदा निवडणुकीलाही उभा राहिला. सगळ्या सभा पावरीत घेतल्या, सपाटीवरच्या गावांतसुद्धा, जिथे ती कुणाला कळत नाही. लोक शिट्ट्या मारायचे. मोठ्या संघटना त्याच्यापासून लांब राहिल्या. त्याच्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याची केस झाली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आमच्या शेजारच्या पाड्यावरच्या एका तरुणाला मारामारीच्या संशयावरून धरलं, तेव्हा ठाण्यात त्याच्यासाठी बोलायला कुणी पुढे झालं नाही. त्याच्या आत्येभावाला मराठी येत होती, पण त्याने शपथ घेतली होती. त्याचं खरं काय ते कळायला चार दिवस लागले. तो मारामारीत नव्हताच. त्याच्या बायकोने नंतर दादाच्या दारात येऊन जे बोल लावले ते मी ऐकले आहेत. दादा मान खाली घालून ऐकत होता. त्याने शपथ मात्र सैल केली नाही. त्याची ती गोष्ट मला आजही बरोबर वाटत नाही.

आमच्या कॉलेजातले एक सर आमच्याच समाजाचे आहेत. ते म्हणायचे, "मी मराठी शिकलो, इंग्रजी शिकलो, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. हा माणूस आपल्या पोरांना परत डोंगरात ढकलतोय." मी मान हलवायचो. सुट्टीत गावी गेलो की मोहाखाली दादाचं ऐकून तिथेही मान हलवायचो.

अशाच एका सुट्टीत मीही शपथ घेतली. आमच्याकडे काही ठरवायचं असलं की मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतात, गेलेल्या माणसांच्या नावाने, आणि मग बोलतात. मी धार सोडली आणि म्हटलं की मी कुणाचं तोंड होणार नाही. खरं सांगायचं तर माझ्या बरोबरीची सगळी पोरं घेत होती म्हणून मी घेतली. माझी फुई, म्हणजे वडिलांची बहीण, समोरच बसली होती. ती दादाची पहिल्यापासूनची माणूस. तिने मला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता हा पोरगा शहाणा झाला."

आता जे घडलं ते सांगतो.

फुई विधवा आहे. तिचं नेवाड आहे, म्हणजे जंगलातल्या उतारावर माणसाने हातांनी मोकळं केलेलं शेत. फुईने आणि फुवांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मिळून ते केलं, दगड वेचून पाळी, म्हणजे बांध, घातल्या. कायदा असा आहे की ठरलेल्या तारखेच्या आधीपासून तुम्ही जमीन कसत असाल तर ती तुमच्या नावावर होते. नंतरपासून असाल तर नाही. जंगलात शेत केलं म्हणून जंगल खात्याने पूर्वी दंड केला असेल तर त्याची पावती पुरावा धरतात, पण फुईकडे ती नव्हती. फुवांनी ती कुडात खोचून ठेवली होती आणि कूड बदलताना ती गेली. त्यामुळे तिचा स्वतःचा जबाबच काय तो पुरावा होता. ती जमीन गेली तर तिला दर हिवाळ्यात माझ्या वडिलांसारखं गुजरातेत ऊसतोडीला जावं लागलं असतं, आणि तिच्या गुडघ्यांत आता ते बळ नाही.

तिने दावा लावला होता. तळोद्याच्या कचेरीत सुनावणी होती त्या दिवशी मी सुट्टीवर होतो, म्हणून बरोबर गेलो. तिचा मोठा मुलगा गुजरातेत होता आणि धाकटा, जो माझ्याबरोबर शाळेत होता, तो बैल आजारी म्हणून घरी थांबला होता. दादा आणि इतर माणसं बाहेर पायऱ्यांवर बसली. आत फुई आणि मी.

साहेब बरे होते. त्यांनी फुईला खुर्ची दिली. ती खाली बसली. कारकुनाने विचारलं, "मावशी, शेत कधीपासून करता?"

फुईला एवढी मराठी कळते. तिने सांगायला सुरुवात केली. ज्या वर्षी डोंगरावरचा सगळा बांबू फुलला त्या वर्षी आम्ही पहिली पेरणी केली. बांबूचं बी खाऊन उंदीर इतके झाले की आमच्या कणग्या त्यांनी रिकाम्या केल्या, पहिल्या पेरणीचं निम्मं तेच खाऊन गेले. माझा धाकटा पोटात होता म्हणून मला दगड उचलता येत नव्हते, वरची पाळ माझ्या सासूने घातली, जाऊन बघ, ती वाकडी आहे. खालची सरळ पाळ माझी, ती पुढच्या वर्षीची. ती असं बराच वेळ बोलली. हात जमिनीवर ठेवून पाळी कशा आहेत ते दाखवलं.

कारकून म्हणाला, "मावशी, मराठीत सांगा. नाही तर पुढची तारीख घ्या."

फुई माझ्याकडे बघून पावरीत म्हणाली, "मी सांगितलं की. हा बहिरा आहे का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खिशाला कॉलेजचं ओळखपत्र लटकत होतं. "तू शिकतोस ना? काय म्हणतात या?"

मला शपथ आठवली. मागे रांग होती, कुणीतरी घसा खाकरला. कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि हसला. त्या हसण्याची मला लाज वाटली. आपली माणसं अशीच, असं त्याला वाटत असेल, आणि मीही त्यांच्यातलाच, असं मला वाटलं. फुईची तारीख जाईल म्हणून मी बोललो असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. लाज वाटली म्हणून बोललो, हे खरं.

"साहेब, त्यांचा धाकटा मुलगा जन्मला त्या साली," मी म्हटलं.

"म्हणजे कुठल्या साली?"

मी मनात आठवलं आणि एक साल सांगितलं. साहेबांनी मान हलवली, कारकुनाने लिहिलं, फुईने अंगठा दिला. सगळं पाच मिनिटांत झालं.

फुई मला "गप, गप" म्हणत होती, हे मी ऐकलं नव्हतं असं नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी एवढं बोलले, आणि तू त्याला एवढंसंच दिलंस?" आणि परतीच्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसली नाही. दादा समोर बघत जीप चालवत होता. मला मात्र तेव्हा आतून वाटत होतं की मी तिचं काम केलं आहे, तिला पुढे कळेल.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा तिच्याकडे कागद आला होता. वाचून दाखवायला तिने तो माझ्याच हातात दिला. दावा अपात्र. कब्जा ठरलेल्या तारखेनंतरचा, दावेदाराच्या स्वतःच्या जबाबानुसार.

मी तो कागद तीनदा वाचला. मग समोर ओट्यावर बसून बैलाची वेसण वळणाऱ्या तिच्या धाकट्याकडे पाहिलं आणि मला एकदम समजलं.

तो आणि मी एकाच दिवशी आश्रमशाळेत गेलो होतो. तो तेव्हा माझ्याहून हातभर उंच होता. पावसाळ्यात ओहोळ ओलांडताना तो मला खांद्यावर घ्यायचा. पण गुरं राखायला घरी ठेवल्यामुळे त्याला उशिरा शाळेत घातलं होतं, आणि जन्माची नोंद आम्हा दोघांचीही नव्हती. नाव घालणाऱ्या सरांनी रांगेत उभं करून सगळ्यांना एकच तारीख दिली, एक जून, आणि एकच साल. आमच्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुलांचा वाढदिवस एक जूनला असतो. आम्ही त्यावर हसायचो, एकमेकांना गूळ भरवायचो. आणि कचेरीत मला तो जन्मला कधी असं विचारल्यावर मी डोळ्यांसमोर त्याचा शाळेचा दाखला आणला. माणूस आणला असता तर चूक झाली नसती. फुईने सांगितलेला बांबू, उंदीर, वाकडी पाळ हे सगळं मी गाळलं, आणि एका सरांनी एका सकाळी अंदाजाने लिहिलेलं साल तिच्या तोंडी घातलं.

मी तिला सांगितलं. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "मग आता नेवाड कुणाचं?"

दुसऱ्या दिवशी मी दादाकडे गेलो. तो अंगणात मिरच्या पसरत होता.

"दादा, मी तोंड दिलं," मी म्हटलं.

"माहीत आहे. तुझी फुई त्या दिवशी रस्ताभर तुला शिव्या देत होती. मी गाडी चालवत होतो, कान झाकता येत नव्हते."

मी सालाचं सांगितलं. तो हातातली मिरची तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. "अरे, तो तुझ्याएवढा? त्याला मिशा फुटल्या तेव्हा तुझं नाक वाहत होतं!"

मला रडू आलं. तेव्हा त्याने मला बसवलं आणि जीपच्या काळातली गोष्ट सांगितली. एक म्हातारा होता. दवाखान्यात त्याने डॉक्टरला सांगायला सुरुवात केली, की चढावर असताना आधी डावा हात जड झाला, मग जबडा, मग छातीवर कुणी बसल्यासारखं झालं आणि पोटात कालवलं. "त्या दिवशी सकाळपासून मी दोन पोटवाले नेले होते," दादा म्हणाला. "मी डॉक्टरला म्हटलं, पोटाचं आहे. डॉक्टरने पोटाचं औषध दिलं. त्याचं काय चुकलं? घाटात माझ्याच जीपमध्ये म्हातारा गेला. नीट सांगितलं असतं तरी गेला असता, असंही असेल. मला माहीत नाही. पण तो बरोबर बोलला होता, एवढं मला माहीत आहे."

"हे तू सभेत का नाही सांगत?"

"त्याची बायको अजून जिवंत आहे. ती समोर बसते." मग तो पुन्हा मिरच्या पसरायला लागला. "अपील कर म्हणावं फुईला. जिल्ह्याला जाऊ. कागद तू लिही, चुकला आहेस तर सहीही तूच कर."

अपिलाचा कागद मी लिहिला. माझी चूक कशी झाली तेही लिहिलं आणि सही केली. सुनावणीची तारीख आली ती नेमकी माझ्या परीक्षेच्या दिवशी. मी पेपर सोडायला तयार होतो. दादाने निरोप पाठवला, "पेपर दे. तू आलास तर पुन्हा बोलशील."

त्या दिवशी मी नंदुरबारला परीक्षेच्या हॉलमध्ये होतो आणि फुई त्याच गावात, दोन-अडीच किलोमीटरवर साहेबांसमोर बसली होती. पेपर संपल्याबरोबर मी धावत गेलो. आवारात कुणी नव्हतं. शिपाई म्हणाला, "मुकावाला का? त्या तर कवयच गयात." आणि मग असं काही म्हणाला की मला खरं वाटेना: "पन तुम्हना नेता तर आज मस्त बोलना! मराठीमा!"

आमच्या गावात नेटवर्क नाही. वरच्या टेकाडावर चढलं की येतं. त्यामुळे दोन दिवसांनी फुईच्या धाकट्याचे आवाजी निरोप आले, एकामागून एक नऊ. तो सगळं सविस्तर सांगतो, मध्ये शेळ्यांनाही हाकतो.

झालं असं. फुई पूर्वीसारखीच बोलली. दुभाष्या म्हणून जो माणूस बोलावला होता तो खालच्या भागातला निघाला, त्याला भिली येत होती, पावरी नाही. तो अंदाजाने सांगायला लागला. त्याने बांबूचं "बांबू लावला" केलं आणि उंदरांचं काहीतरी भलतंच. फुई ओरडली, "असं नाही! असं नाही!" साहेब वैतागले, म्हणाले की आता पहिलाच जबाब कायम करावा लागेल. दादा आमच्या दहा-बारा माणसांबरोबर मागे भिंतीशी उभा होता. तो पुढे आला.

"तो मराठीत बोलला," धाकटा निरोपात म्हणत होता. "मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं मराठीत. आपल्या सरांपेक्षा चांगली आहे रे त्याची! तो म्हणाला, साहेब, ही बाई जे बोलते ते जसंच्या तसं लिहा, मी एक शब्द खाणार नाही. मग आई बोलेल तसं तो बोलत गेला. उंदीर, पाळ, आजी, सगळं. आईने नाक पुसलं तर मला वाटलं हा तेही सांगेल. मग म्हणाला, बांबू फुलला की वाळतो, आगीची भीती असते, जंगल खात्याला त्याची नोंद ठेवावी लागते. तुमच्या कपाटात असेल. तिथे साल बघा. या पोराच्या दाखल्यावर बघू नका, आणि मला पुढे ओढून उभं केलं. म्हणाला, हा एकोणीस वर्षांचा दिसतो का? साहेब हसले रे."

शेवटचा निरोप छोटा होता. परतताना जीपमध्ये दादाच्या शेजारी कुणी बसलं नाही, एवढाच.

पुढचं मी सुट्टीत पाहिलं. मोहाखाली बैठक होती. माझ्याच वयाचा एक मुलगा उभा राहिला. ज्याच्या मामेभावाला ठाण्यात चार दिवस काढावे लागले होते तो हा. शपथेपायी तो गप्प राहिला होता. त्याने विचारलं, "दादा, तू तोंड दिलंस?"

"दिलं," दादा म्हणाला.

"मग मी का नाही दिलं? माझा भाऊ आत होता."

 दादा म्हणाला, "तू द्यायला हवं होतंस. मी तुला चुकीचं सांगितलं."  माणसं एकेक करून उठली. पार्टी मोडली नाही. ती आता त्या मुलाकडे आहे, आणि तो दादापेक्षा कडक आहे. दवाखान्यातसुद्धा कुणाला तोंड देऊ देत नाही. दादाला ते बैठकीला बोलावत नाहीत. मी त्याला भेटलो तेव्हा तो जीपखाली आडवा होऊन काहीतरी घट्ट करत होता. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं." तो खालूनच म्हणाला, "पाना दे."

त्याचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या ओळखीतल्या कुठल्याच पुढाऱ्याने आपल्या माणसांसमोर "मी चुकीचं सांगितलं" असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

निकालाची वाट बघण्यात पावसाळा आला. मी दर दोन-तीन दिवसांनी फोन लावायचो आणि तो लागायचा नाही. एकदा विसरवाडीला मित्राकडे गेलो असताना आमच्या वरच्या पाड्यावरचा एक ट्रकवाला भेटला. त्यालाही काही माहीत नव्हतं. पेरण्या झाल्या एवढंच तो सांगू शकला.

गेल्या आठवड्यात दुपारी वसतिगृहाच्या खाणावळीत जेवत असताना धाकट्याने फोटो पाठवला. आदेशाचा कागद, ओला झालेला, चुलीजवळ वाळवलेला. मी उजव्या हाताने भाकरी धरून डाव्या बोटांनी तो मोठा करून वाचला. दावेदाराच्या जबाबाखाली टाइप केलं होतं: "डोंगरावरचा बांबू फुलला त्या वर्षी पहिली पेरणी केली. वरची पाळ सासूने घातली, ती वाकडी आहे." त्याखाली जंगल खात्याच्या नोंदीचा उल्लेख होता. साल ठरलेल्या तारखेच्या आधीचं होतं, चांगलं आधीचं. वरचा उतार मंजूर. खालचा, ओहोळाकडचा तुकडा नामंजूर, कारण तो मोजणीच्या नकाशात आलेला नाही.

फोटोखाली धाकट्याचा एक निरोप होता. वरचं आपलं झालं, म्हणाला. आणि खालच्या तुकड्यात आईने कागद यायच्या आधीच भगर पेरली आहे, ती आता वीतभर वर आली आहे.